चिपचे शेअर आणि तेजी-मंदीचा फेरा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अनेक वर्षे टॉवेल विणणारे एक चाचा मध्यंतरी आमच्याकडे आले होते. वय साठीच्या पुढे. मजुरी निघेना, कारागीर मिळेना, मुलगा पुण्यात नोकरीला. म्हणून सहापैकी चार साधे माग त्यांनी भंगाराच्या भावाने विकले. ते पैसे आणि गाठीची थोडी शिल्लक असे मिळून जे काही जमले, ते कुठे घालावे हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरही ते सोबत घेऊन आले होते. पुतण्याच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलेले एका कंपनीचे नाव त्यांनी कागदावर लिहून आणले होते. "भाई, पुढचा जमाना चिपचा आहे म्हणतात. सरकार पैसे देते आहे, गुजरातेत कारखाने उभे राहताहेत. हा शेअर रोज वर जातो. टाकू का सगळे?"

आम्ही त्यांना बसवून घेतले. चहा सांगितला आणि दीड तास बोललो. अशीच विचारणा करणारे आणखीही काही वाचक असल्याने त्या बोलण्याचा सारांश येथे देत आहोत.

आधी चिप म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सोलापूरकरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. आपली चादर जेकार्डवर विणली जाते. जेकार्डच्या पुठ्ठ्याला जेथे भोक असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. "आहे" आणि "नाही" या दोनच खुणांवर मोरही विणला जातो आणि ताजमहालही. चिपचे मूळ तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की पुठ्ठ्यावरच्या भोकांऐवजी तेथे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म बटणे असतात. विजेला वाट देणे किंवा अडवणे हे त्यांचे काम. सिलिकॉन हा पदार्थ वीज धड वाहूही देत नाही आणि धड अडवतही नाही, म्हणून त्याला अर्धवाहक, म्हणजेच सेमिकंडक्टर म्हणतात. चिपचा आराखडा करणारे वेगळे, ती प्रत्यक्ष तयार करणारे वेगळे आणि तिला वेष्टन घालून तपासणारे वेगळे. सूतगिरणी, माग आणि प्रोसेस हाऊस वेगवेगळे असतात, तसेच हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चिपच्या धंद्याला भविष्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच आहे. त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण धंद्याला भविष्य असणे आणि आजच्या भावाने घेतलेल्या शेअरला भविष्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतर न कळल्यामुळे जगभर शहाण्यासुरत्या माणसांनी आपली पुंजी घालवली आहे.

सूत, कांदा आणि चिप

सुताचा फेरा सोलापूरच्या मागवाल्याला कोणी शिकवायला नको. २०१०-११ च्या हंगामात कापसाच्या खंडीचा भाव साठ हजार रुपयांच्या वर गेला होता आणि काही महिन्यांतच कोसळला. २०२२ च्या मे महिन्यात तर खंडीने एक लाखाचा आकडा ओलांडला. त्या दिवसांत सूत आणखी महागेल या भीतीने ज्यांनी गोदाम भरून ठेवले, त्यांचे काय झाले हे चाटी गल्लीत कोणालाही विचारावे. वर्षभरात खंडी साठ हजारांच्या आसपास आली. महागाचे सूत आणि स्वस्ताचा टॉवेल अशा कात्रीत कित्येक कारखानदार सापडले.

कांद्याचेही तेच. देशातील कांद्याच्या मोठ्या बाजारांत आपल्या सोलापूर बाजार समितीची गणना होते. भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. तो सगळा माल एकाच वेळी यार्डात उतरतो आणि भाव पडतो. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने येथे ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी देशभर गाजली होती. त्या शेतकऱ्याची चूक एवढीच की, बाकीच्यांनी जो भाव पाहून लावणी केली, तोच भाव पाहून त्यानेही केली होती.

लावणी आणि काढणी यांच्यात काळ जातो, हे या दुखण्याचे मूळ आहे. कांद्याला तीन-चार महिने लागतात. चिपचा कारखाना उभारून, यंत्रे बसवून, माल बाहेर पडायला दोन ते तीन वर्षे आणि हजारो कोटी रुपये लागतात. टंचाई पाहून आज निर्णय घेतलेल्या कारखान्याचा माल टंचाई संपल्यावर बाजारात येतो. शिवाय एकदा कारखाना उभा राहिला की तो बंद ठेवणे परवडत नाही. यंत्रांचा खर्च चालूच असतो, म्हणून भाव पडले तरी माल काढत राहावे लागते. म्हणजे कांद्याचेच गणित, फक्त प्रत्येक आकड्यापुढे कितीतरी शून्ये जास्त.

यात आणखी एक भर पडते. माल मिळेनासा झाला की गिऱ्हाईक दोन-तीन ठिकाणी मागणी नोंदवतो. सूत टंचाईत आपण तीन व्यापाऱ्यांकडे शब्द टाकून ठेवतो आणि जो आधी देईल त्याच्याकडून उचलतो, तोच हा प्रकार. २०२१ मध्ये जगभर हेच झाले. कोरोनाच्या काळात लॅपटॉप आणि मोबाइलची मागणी वाढली, मोटार कंपन्यांनी आधी मागणी रद्द केली आणि नंतर त्या धावत परत आल्या. मारुतीला त्या वर्षी सप्टेंबरमध्ये चिपअभावी आपले उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास आणावे लागले. गाडीसाठी महिनोन् महिने थांबलेले वाचक आपल्यातही असतील. या काळात चिप कंपन्यांच्या वहीत जी मागणी दिसत होती, तिच्यात खरी किती आणि दुहेरी किती हे त्या कंपन्यांनाही सांगता येत नव्हते. पुढे टंचाई ओसरताच गिऱ्हाइकांच्या लक्षात आले की आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त माल पडून आहे. मग नवी मागणी एकदम थांबली. जगातील चिपची विक्री २०२१ मध्ये २६ टक्क्यांनी वाढली होती, २०२३ मध्ये ती ८ टक्क्यांनी घटली. २०२४ मध्ये ती पुन्हा सुमारे १९ टक्क्यांनी वर गेली आणि ६०० अब्ज डॉलरच्या पुढे पोहोचली.

हा फेरा नवा नाही. २००० साली जगाची चिपविक्री २०४ अब्ज डॉलर होती, २००१ मध्ये ती १३९ अब्जांवर आली. एका वर्षात जवळपास एक तृतीयांश धंदा गेला. २००९ आणि २०१९ मध्येही घट झाली. पण प्रत्येक घसरणीनंतर पुढची तेजी आधीच्यापेक्षा उंच गेली, हेही तितकेच खरे. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांचे भोंगे बंद पडले ते कायमचे. तशी या धंद्याची स्थिती नाही. हा धंदा मरत नाही, मात्र मधूनमधून असा आपटतो की कमकुवत माणूस त्यातून उठत नाही.

शेअर बातमीच्या पुढे चालतो

येथपर्यंत चाचांना सगळे पटले. पुढची गोष्ट मात्र त्यांना चमत्कारिक वाटली. बहुतेक नवख्या गुंतवणूकदारांना ती तशीच वाटते.

धंदा ज्या दिवशी फिरतो त्या दिवशी शेअर फिरत नाही, तो आधीच फिरलेला असतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया सेमिकंडक्टर निर्देशांक नावाचा एक निर्देशांक १९९३ पासून आहे. चिप कंपन्यांच्या शेअरची सरासरी चाल त्यात दिसते. हा निर्देशांक २०२१ च्या डिसेंबरअखेर शिखरावर होता. त्या वेळी टंचाई चालूच होती, कंपन्यांचे नफे वाढतच होते. मासिक विक्रीचे शिखर आले त्यानंतर, २०२२ च्या उन्हाळ्यात. निर्देशांक तळाला गेला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, तर विक्रीचा तळ आला २०२३ च्या सुरुवातीला. म्हणजे शेअरबाजार धंद्याच्या पाच-सहा महिने पुढे चालत होता. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत "चिपची टंचाई" छापून आले तेव्हा जाणकार विकत होते आणि "मागणी आटली, कामगार कपात" असे छापून आले तेव्हा तेच जाणकार हळूहळू घेत होते. आपल्यासारखा माणूस बातमी वाचून निघतो, म्हणून दोन्ही वेळा उशिरा पोहोचतो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे मायक्रॉन ही अमेरिकन कंपनी. हिचाच कारखाना गुजरातेत साणंद येथे उभारण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, म्हणून नाव परिचयाचे असेल. ही कंपनी मेमरी चिप बनवते. मेमरी चिप म्हणजे जवळजवळ कांदाच. एका कंपनीच्या मालात आणि दुसऱ्या कंपनीच्या मालात गिऱ्हाइकाला फारसा फरक दिसत नाही, भाव ठरतो तो आवक-जावकीवर. २०१८ च्या ऑगस्टअखेर संपलेल्या वर्षात मायक्रॉनने १४ अब्ज डॉलर नफा कमावला. प्रत्येक शेअरमागे साडेअकरा डॉलरच्या आसपास कमाई. आणि सप्टेंबरअखेर शेअर मिळत होता पंचेचाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाच्या कमाईच्या जेमतेम चौपट भावाने! बाजारात ज्याला पीई म्हणतात तो किंमत आणि कमाईचा भागाकार इतका कमी पाहून कोणीही म्हणेल की शेअर स्वस्त आहे. डिसेंबरपर्यंत तोच शेअर तीस डॉलरच्या आसपास आला.

आता उलट चित्र पाहा. २०२३ च्या ऑगस्टअखेर संपलेल्या वर्षात याच कंपनीची विक्री आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आली आणि तोटा झाला सुमारे ५.८ अब्ज डॉलर. पीई काढायला कमाईच नाही. सामान्य माणूस अशा शेअरला हातही लावणार नाही. पण २०२३ च्या जानेवारीत पन्नास डॉलरच्या आसपास असलेला हा शेअर त्या वर्षाच्या अखेरीस पंच्याऐंशीच्या वर होता. तोट्याच्या वर्षात भाव सत्तर टक्के वर!

यात जादू नाही. नफा शिखरावर असतो तेव्हा बाजाराला पुढची उतरण दिसत असते, म्हणून तो त्या नफ्याला कमी मोल देतो. तोटा खोल असतो तेव्हा पुढची चढण दिसू लागते. साबण, तेल, औषधे विकणाऱ्या कंपन्यांचे नफे वर्षानुवर्षे साधारण एका चालीने चालतात. तेथे पीई कमी असणे हे स्वस्ताईचे लक्षण असू शकते. चक्रात चालणाऱ्या धंद्यात मात्र पीई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा शिखराजवळ. चाचांना आम्ही विचारले, "सूत लाखाच्या खंडीचे असताना ज्यांच्याकडे जुना साठा होता, त्यांचा त्या वर्षीचा नफा पाहून तुम्ही त्यांचा कारखाना विकत घेतला असता का?" ते हसले. "तो नफा पुन्हा येणारा नव्हताच, भाई." चिपचे शेअर घेणाऱ्याने हाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो.

आणि ज्यांना चक्राऐवजी "नवा जमाना" दिसतो, त्यांच्यासाठी २००० सालचा दाखला आहे. त्या वेळी इंटरनेट सारे जग बदलणार असे म्हटले जात होते. ते म्हणणे खोटे नव्हते, जग खरेच बदलले. पण मार्च २००० च्या शिखरावरून ऑक्टोबर २००२ पर्यंत चिपचा तो निर्देशांक ८० टक्क्यांहून अधिक पडला. ती जुनी उंची पुन्हा गाठायला त्याला सतरा-अठरा वर्षे लागली. इंटेलसारखी नामांकित, नफ्यात चालणारी कंपनी. तिचा शेअर २००० च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तर डॉलरच्या घरात होता. सप्टेंबरात कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी होईल असे सांगताच एका दिवसात तो २२ टक्के पडला. वीस वर्षे उलटली तरी ती उंची त्याला गाठता आली नव्हती. ज्यांनी इंटरनेटबद्दल अगदी बरोबर अंदाज केला, त्यांनीच इंटेलमध्ये वीस वर्षे घालवली.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आहे. तिच्या जोरावर एन्व्हिडिया ही कंपनी २०२२ मध्ये निम्म्यावर आलेल्या भावातून उठून २०२४ मध्ये काही काळ जगातील सर्वांत मोलाची कंपनी ठरली. मेमरी चिपचीही २०२५ च्या अखेरीस पुन्हा टंचाई झाली. ही मागणी खरी आहे, या कंपन्या प्रत्यक्ष नफा कमावत आहेत. २००० च्या कित्येक कंपन्यांसारख्या त्या पोकळ नाहीत. तरीही २०२५ च्या २७ जानेवारीला, एका चिनी कंपनीने कमी चिपमध्ये तसलेच काम करून दाखवल्याची चर्चा सुरू होताच एन्व्हिडिया एका दिवसात १७ टक्के पडली. नंतर ती सावरलीही. शिखर केव्हा येईल हे आम्हांला सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून वाचकांनी दूर राहावे.

महाराष्ट्रातील हवा

वरच्या सगळ्या कंपन्या परदेशी आहेत. आपल्याकडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरमध्ये चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटांचे धोलेरा आणि आसाममधील मोरीगाव येथील प्रकल्प, तसेच सीजी पॉवरचा साणंदचा प्रकल्प यांना मान्यता मिळाली. लोकांच्या मनात चिप भरली, पण बाजारात घ्यायला चिपचे शेअर आहेत कुठे? टाटा इलेक्ट्रॉनिक्सने हे प्रकल्प हाती घेतले तेव्हा तिचा शेअर बाजारात नव्हताच. सीजी पॉवर म्हणजे आपली जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्हज. तिची कमाई प्रामुख्याने मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरची. म्हणजे गिऱ्हाईक हजार आणि दुकानात माल दहा नग, तोही मिश्र. अशा वेळी भाव वाढतो तो मालाच्या गुणाने नव्हे.

महाराष्ट्राला याचा पहिला अनुभव तळेगावच्या निमित्ताने आला. वेदांता-फॉक्सकॉनचा एक लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो गुजरातला गेल्याचे जाहीर झाले आणि राजकारण तापले. त्या गदारोळात एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. करार जाहीर होताच शेअरबाजारात वेदांता लिमिटेडचा भाव उसळला. लगेच कंपनीला खुलासा करावा लागला की, हा चिपचा धंदा वेदांता लिमिटेडचा नाही, तिच्या मालकांच्या व्होल्कन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा आहे. भाव तसाच खाली आला. ज्यांनी घाईने घेतले त्यांनी चिपच्या नावाने जस्त, ॲल्युमिनियम आणि तेलाचा शेअर घेतला होता! पुढे २०२३ च्या जुलैमध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. पनवेलजवळ तळोजा येथील अदानी आणि टॉवर यांच्या ८३ हजार ९४७ कोटींच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ मध्ये त्याची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. घोषणा आणि कारखाना यांत इतके अंतर असते.

याहून मोठा धडा नवी मुंबईच्या आरआरपी सेमिकंडक्टरचा. जी डी ट्रेडिंग अँड एजन्सीज हे तिचे आधीचे नाव. नव्या नावानिशी या कंपनीचा शेअर २०२५ च्या डिसेंबरपर्यंतच्या वीस महिन्यांत पाचशे पटींहून अधिक चढला. कंपनीने स्वतःच शेअरबाजाराला कळवले होते की आपण अद्याप चिपचे उत्पादन सुरू केलेले नाही. एका प्रसिद्ध खेळाडूशी जोडलेल्या अफवेचाही तिने इन्कार केला. शेअरबाजाराने तिचे व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसापुरते मर्यादित केले. कोणाचा हेतू काय होता, हे ठरवणे आमचे काम नाही. वाचकांनी यातील यंत्रणा समजून घ्यावी. बहुतेक शेअर मूठभर हातांत असले की विक्रीला फारच थोडे येतात. दहा घेणारे आणि विकणारा कोणी नाही, की भाव त्या दिवसाच्या कमाल मर्यादेला टेकतो. त्याला अप्पर सर्किट म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कागदावर किंमत कोटींची दिसते, पण त्या भावाने प्रत्यक्षात व्यवहार झालेले असतात चिमूटभर. उलटी वेळ आली की हेच यंत्र उलटे चालते. रोज खालची मर्यादा लागते, विकणारे रांगेत आणि घेणारा कोणी नाही. तेव्हा पडद्यावर भाव दिसत असतो, पैसे मात्र हाती येत नाहीत.

चाचांच्या "रोज वर जातो" या शब्दांनी आम्ही सावध झालो होतो ते याचसाठी.

मग घेणाऱ्याने पाहावे काय? कंपनीच्या वार्षिक अहवालात चिपपासूनचे उत्पन्न वेगळे दाखवलेले आहे की नाही, हे सर्वांत आधी. नसेल तर ते नाव म्हणजे नुसता रंग आहे. त्यानंतर गोदामातील साठा. विक्री वाढत नसताना साठा वाढत असेल तर आपल्या टॉवेलवाल्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. जगातील मोठ्या कंपन्या नव्या कारखान्यांवर किती खर्च जाहीर करीत आहेत तेही पाहावे. एकाच वर्षी सगळेच जण नवे कारखाने काढू लागले की दोन-तीन वर्षांनी माल उतू जाण्याची शक्यता असते. आणि उधारीच्या पैशाने तर या बाजूला फिरकूच नये. व्याजाचा प्रश्न आपल्या वाचकांना ठाऊकच आहे, त्याबद्दल वेगळे लिहीत नाही. पण निव्वळ हिशेबाने पाहिले तरी, जो शेअर निम्मा होऊन पुन्हा वर येण्याची शक्यता असते, त्याची वाट पाहण्याची सवड कर्जदाराला नसते. फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे तर नावच नको. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार मागील तीन वर्षांत त्यात उतरलेल्या शंभरातील ९३ व्यक्तींनी पैसे गमावले.

काही वाचक विचारतात की, शरीयतच्या निकषांवर निवडलेल्या शेअरांच्या यादीत कंपनी असेल तर ती घेण्यास हरकत नाही ना? मुंबई शेअरबाजारात असा पहिला निर्देशांक २०१० च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्यात धंद्याचे स्वरूप आणि व्याजी कर्जाचे प्रमाण तपासले जाते. तंत्रज्ञानाच्या पुष्कळ कंपन्यांवर कर्ज कमी असल्याने त्या सहज पात्र ठरतात. मसल्याचे उत्तर उलेमांकडून घ्यावे. आम्ही इतकेच सांगू की, त्या यादीत येण्यासाठी भाव योग्य आहे की अवाजवी, हे कोणी तपासत नाही. हलाल मांसही दुप्पट भावाने विकत घेता येते.

चाचांच्या कागदावरील कंपनीचा वार्षिक अहवाल आम्ही त्यांच्यासमोरच मोबाइलवर उघडला. शंभरावर पाने होती. सेमिकंडक्टर हा शब्द अध्यक्षांच्या निवेदनात वारंवार आला होता. उत्पन्नाच्या तक्त्यात तो एकदाही नव्हता. चाचांनी चष्मा पुसून तो तक्ता स्वतः दोनदा वाचला.

मागांच्या पैशातून सुताच्या व्यापाऱ्याची जुनी बाकी आधी देऊन टाकायची आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवायचा असे ठरले. जे उरेल त्याचा एक लहान भाग, जो निम्मा झालेला पाहूनही रात्री झोप लागेल असा, ते शेअरसाठी ठेवणार आहेत. तोही एकदम नाही, दोन वर्षांत थोडा थोडा. उरलेले दोन माग विकू नयेत असे आम्ही सुचवले. ते म्हणाले, "ते विकायचे नव्हतेच. रमजानच्या आधी टॉवेलची मागणी असते." जाताना कागद टेबलावरच राहिला, म्हणून आम्ही हाक मारली. पुतण्याला दाखवायचा आहे म्हणून त्यांनी तो परत घेतला आणि पाठीमागे तक्त्याचा पान क्रमांक लिहून घेतला.